चकव्यास ओ देऊ नये

शके १८५३, कार्तिक वद्य पंचमी. सोनाळा.

आज सायंकाळी मारुतीच्या पारावर सभा भरून 'श्रीधारेश्वर गिरिसाहाय्यक मंडळ' विधिपूर्वक स्थापन झाले. अध्यक्षपद मजकडे आले. मी तीन वेळा नकार दिला. चौथ्यांदा कोणी विचारीना, तेव्हा मीच होकार दिला.

मंडळाचे प्रयोजन असे. गतवर्षीच्या शिवरात्रीस वरवट बकालचा कारभारी नावाचा शेतकरी धारेश्वराचे दर्शन घेऊन डोंगर उतरताना पाय घसरून धारेच्या दरीत पडला. लोकांनी कड्यावरून त्याच्या नावाने घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. खालून चकार शब्द आला नाही. पुढे एका गुराख्याला तो करवंदीच्या जाळीत सापडला, जिवंत, परंतु पाय मोडलेला. तेव्हा तहसिलीतून ताकीद आली आहे की, येत्या शिवरात्रीस सूर्य मावळल्यावर एक जरी माणूस दरीत राहिला, तर धारेश्वराची वाट कायमची बंद करण्यात येईल.

माझी मुंज झाली त्या वर्षी तीर्थरूपांनी मला बोट धरून त्या वाटेने नेले. तेव्हापासून एकही शिवरात्र चुकली नाही. वाट बंद झाली तर देव काही कोठे जाणार नाही, हे मी जाणतो. मी कोठे जावे, एवढेच कळत नाही.

नायकपद पुंजाजीस दिले. तो मोठ्या शेतीचा धनी, तरुणपणचा पैलवान. बोलतो असे की पाराखालची वासरे बुजतात. मराठी शाळेचे मास्तर रमाकांत हे चिटणीस. ते नम्र आहेत व त्यांना पट्ट्या बांधता येतात. सभा उठणार तोच गोजरबाई उभी राहिली. ही विधवा स्वतःची शेती स्वतः पाहते आणि तिच्यासमोर पुंजाजीदेखील जपून बोलतो.

"बायकांले घेत नसान मंडळात, त वर भाकरी कोन देईन तुमाले? चकवा?"

हशा झाला. भाकरीपुरते तिला सभासद करून घेतले.

कार्तिक वद्य एकादशी.

कारभाऱ्यास भेटून आलो. पुंजाजीने बैलांची दमणी जुंपली होती. कारभारी ओसरीवर काठी घेऊन बसला होता. आम्हांस पाहून उठू लागला, मी बसविले.

मी विचारले, "बाबा, इतकी माणसे हाका मारीत होती. तुला ऐकू आल्या नाहीत काय?"

"आल्या ना बुवा. सप्पा आल्या. पुंजाजी पाटलाचा आवाज त म्या वयखला बी."

"अबे, मंग ओ काऊन नाही देल्ली?" पुंजाजी ओरडला.

"कसा देऊ? बुवांनीच त पोथीत सांगतलं होतं. रानात नाव घेऊन कोनी बलावलं त ओ देऊ नोका, तो चकवा असते. वयखीच्या मानसाचा आवाज काढते अन् नेऊन सोडते कुठी बी. म्या आपला धोतराचा बोळा तोंडात कोंबून बसलो. चुकून ओ जाईन म्हनून."

मला गहिवरून आले. पोथीस येणारे पुष्कळ. त्यांतील निम्मे खांबाला टेकून डुलक्या घेतात. परंतु ऐकलेला शब्द मोडक्या पायानिशी पाळणारा श्रोता मी प्रथमच पाहिला. एका मायावी राक्षसाने मरता मरता प्रभूंच्या आवाजात हाक मारली आणि त्या एका हाकेपायी केवढा अनर्थ ओढवला, हा प्रसंग मी दर वर्षी सांगतो. तो फुकट गेला नाही. मी कारभाऱ्यास प्रसादाचा नारळ दिला.

परतताना पुंजाजी सारी वाट गप्प होता. निष्ठेचे असे दर्शन घडले की मनुष्य अंतर्मुख होतो.

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी.

मंडळाचा पहिला सराव. पुंजाजीने आपल्या विहिरीच्या मोटेचा नाडा आणला. रमाकांत मास्तरांना कमरेस बांधून कड्यावरून सोडण्यात आले. प्रारंभी मी संकल्प सोडला व स्वस्तिवाचन केले. ते संपवून डोळे उघडले तो मास्तर अर्ध्या कड्यावर होते. मंडळींना उत्साह फार. मंत्र पुरा होईस्तोवर दम निघत नाही.

वर ओढताना मास्तरांचा जोडा दरीत पडला. पुंजाजी म्हणाला, "जाऊ द्या मास्तर, त्यालेच आवाज देऊन पाहू. बुवांची पोथी त्यानं बी ऐकली नसन."

'बी' म्हणजे आणखी कोण, हे कळले नाही. चौकशी करता समजले की, काल मी नसताना मंडळाने पुंजाजीच्या हरवलेल्या शेळीचा शोध केला व ती पहिल्याच हाकेस ओरडली. गोजरबाईने त्यावर सर्वांदेखत म्हटले होते, "शेळी पोथीले येत नाही, म्हनून वाचली." जनावरास श्रवणभक्ती नसते हे खरे; परंतु त्यात हसण्यासारखे काय, हे मला समजले नाही.

मार्गशीर्ष वद्य तृतीया.

वाटेवरील घसरणीच्या जागी चुन्याचे पट्टे मारले. एक खाट तोडून तिला बांबू बांधले व डोली केली. घरच्यांनी तिच्यासाठी जुनी लुगडी दिली. कुटुंब फार बोलत नाही. लग्न होऊन इतकी वर्षे झाली, परंतु तिचा आवाज माजघराच्या उंबऱ्याबाहेर आल्याचे मला स्मरत नाही.

पौष शुद्ध त्रयोदशी.

मंडळाची पहिली खरी मोहीम, आणि ईश्वरकृपेने यशस्वी.

पिंपळगाव राजाचे रंगराव व किसनराव हे भाऊ नवस फेडावयास आले होते. उतरताना धाकटा किसनराव दिसेनासा झाला. मंडळ तत्काळ निघाले. मीही पायथ्याच्या पिंपळापर्यंत गेलो आणि शिवस्तोत्राची आवर्तने सुरू केली. वर पुंजाजी व मास्तर यांनी "किसनराव! किसनराव!" अशा हाका मारमारून दरी दुमदुमविली. ओ नाही.

तेव्हा भाकरी घेऊन गेलेल्या गोजरबाईने रंगरावाच्या दंडाला धरून त्याला कड्यावर उभे केले.

"नाव घेऊन काय होते? चकवा बी नाव घेते. घरातलं भांडन काढ. कशावरून भांडता तुमी?"

"आमी नाही भांडत बाई."

"सख्खे भाऊ हा अन् भांडत नाही? काढ म्हनते ना मी!"

मग रंगरावाने असे काही ओरडून सांगितले की पायथ्याशी मला माझे आवर्तन क्षणभर थांबवावे लागले.

"अबे किसन्या! पोळ्याले माह्या बैलाची झूल तुह्या बैलावर टाकून मिरवला तू! सांगू का गावाले?"

झाडीतून ताबडतोब गर्जना आली, "खोटं बोलून राह्यला! झूल माह्या सासऱ्यानं देल्ली होती!"

तो एका खडकाच्या सांदीत सुखरूप बसला होता. वर आल्यावर दोघे भाऊ गळ्यात गळा घालून रडले आणि मग पुन्हा झुलीवरून भांडले. माझे अखेरचे आवर्तन त्याच क्षणी पूर्ण झाले होते, ही गोष्ट मी मंडळाच्या नजरेस आणून दिली. सर्वांनी माना डोलविल्या. पुंजाजीस तेव्हा जोराची ढास लागली. तंबाखू सोड, असे त्याला कितीदा सांगितले आहे.

माघ शुद्ध दशमी.

सभा आमच्या ओसरीवर. शिवरात्र जवळ आली. गोजरबाईने ठराव मांडला की, यात्रेत कोणी चुकलाच तर त्याच्या घरच्या माणसाला कड्यावर नेऊन घरातील गोष्ट ओरडून सांगावी. म्हणजे हाक चकव्याची नव्हे अशी त्याची खात्री पटेल.

मी निक्षून विरोध केला. देवाच्या दारी झुली आणि सासरे यांची जाहीर वाच्यता व्हावी, हे मला मान्य नाही. यात्रेत केवळ नाममंत्राचा घोष व्हावा, असा निर्णय दिला.

गोजरबाई म्हणाली, "बुवा, इज्जत मोठी का जीव मोठा?"

मी म्हणालो, "ज्याचा त्याचा विवेक."

"तेच त इचारून राह्यली. तुमचा काय इवेक हाय?"

मास्तरांनी तेवढ्यात पोह्यांची तारीफ केली, म्हणून विषय थांबला.

सर्व गेल्यावर कुटुंबाने ताटल्या उचलता उचलता विचारले, "चकव्याला घरातलं काही ठाऊक नसतं का हो?"

मला संतोष वाटला. शास्त्रविषयात तिने प्रथमच जिज्ञासा दाखविली. मी विस्ताराने समजाविले की, मायावी शक्तीस नाव, रूप व स्वर यांचे अनुकरण साधते; परंतु जेथे तुळस आहे व दिवेलागण होते त्या घराचा उंबरा तिला ओलांडता येत नाही, म्हणून आतल्या गोष्टींचे ज्ञान तिला असत नाही.

"बरं," म्हणाली आणि आत गेली.

माघ अमावास्या.

शिवरात्रीनंतर आज लेखणी हातात धरवते आहे. उजवा पाय उशीवर ठेवून लिहितो. जे घडले ते यथातथ्य लिहून ठेवणे प्राप्त आहे.

पहाटेच डोंगर चढलो. यात्रा अपूर्व भरली होती. मंडळाचे लोक जागोजाग दोर घेऊन उभे होते; कारभारीदेखील काठी टेकीत आला होता आणि चुन्याच्या पट्ट्यापाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यास स्वतःचा पाय दाखवीत होता. त्याचा उपयोग दोरापेक्षा अधिक झाला. नायब तहसीलदार खाली पिंपळाखाली खुर्ची टाकून बसले होते. मध्यान्हापर्यंत कोणी चुकला नाही, कोणी पडला नाही. माझ्या मनावरील ओझे निम्मे उतरले.

अभिषेक आटोपून परत निघालो, तो वाटेच्या किंचित खाली एक बेलाचे झाड दिसले. अशी निर्दोष त्रिदळे मी वर्षानुवर्षांत पाहिली नव्हती. यात्रेकरूंनी वाट सोडू नये असा मंडळाचा नियम आहे; अध्यक्षाविषयी त्यात काही म्हटलेले नाही. मी उतरलो. पाचोळा निसरडा होता. झाड वर राहिले आणि मी खाली, पुष्कळच खाली, एका अंजनवृक्षाच्या बुंध्याशी बसलेला आढळलो. उजवा पाय मुरगळून सुजू लागला होता. उभे राहवेना.

प्रथम मी मनाशी ठरविले की घाबरावयाचे नाही. मंडळ सज्ज आहे; ज्याला गरज असेल त्याला ते शोधून काढील. दरीत दुसरा कोणी पडला नाही ना, एवढीच मला चिंता लागली; कारण तसे झाले तर वाट बंद होणार होती.

दोन प्रहर कलले आणि पहिली हाक आली.

"ओ शास्त्रीबुवा! कुठी हा बापा?"

हुबेहूब पुंजाजीचा आवाज. हाकेच्या शेवटी त्याची तंबाखूची ढासही होती. मी सावध झालो. इतके सूक्ष्म अनुकरण मनुष्याच्या हातून होणे नाही.

नंतर रमाकांत मास्तरांच्या स्वरात, "गुरुजी, आपण सुखरूप आहात काय? कृपा करून उत्तर द्यावे!" मास्तर रडवेले झाले की त्यांचा आवाज जसा फाटतो, तसाच तो फाटला होता. मला कौतुक वाटले. कारभाऱ्याचे स्मरण होऊन मी उपरण्याचा बोळा करून तोंडात धरला.

पुढे गोजरबाईचा आवाज आला. "बुवा! दिवस बुडून राह्यला! ओ द्या, नाही त वाट बंद होईन!"

मायावी शक्तीस मनुष्याच्या वर्मस्थानाचे केवढे अचूक ज्ञान असते! त्या एका वाक्याने माझा निश्चय ढळू पाहत होता. मी डोळे मिटले. वर काही आपसातले बोलणे ऐकू आले.

"ते ओ देनार नाहीत."

"जित्ते त असतीन ना?"

"असतीन. गप बसले असतीन. मी सांगतो ना, ते तोंडात बोळा घालून बसले असतीन." हा स्वर कारभाऱ्याचा होता.

"मंग आता काय करता?"

"काकूले आना."

चकवा आपापसातही बोलतो, ही गोष्ट कोणत्या ग्रंथात वाचल्याचे मला स्मरत नाही.

त्यानंतर हाका थांबल्या. दरीत सावल्या चढू लागल्या. पायाचा ठणका वाढला. समोरच्या कड्याचा केवळ माथा उन्हात उरला. खरे सांगावयाचे तर, मनात भलते विचार येऊ लागले होते. येथे रात्र काढावी लागली तर बिबळ्यास मी अध्यक्ष आहे हे कसे कळावे? आणि एकवार असाही विचार येऊन गेला की, दरीत राहिलेला माणूस म्हणून नायब तहसीलदार माझीच गणना करतील काय? परंतु मी चुकलेला नव्हतो. मी कोठे आहे हे मला पक्के ठाऊक होते.

तेवढ्यात वरून एक आवाज आला.

"अहो..."

तो इतका बारीक होता की पाखराचा म्हणावा. मग थोडा मोठा. "अहो, ऐकलंत का?"

माझ्या काळजात हलले, हे लपवीत नाही. परंतु प्रभूंच्या स्वरात मारलेली ती हाक मला आठवली. ज्या आवाजाने सर्वांत अधिक हलावे, त्याचीच सर्वांत अधिक भीती बाळगावी. मी बोळा घट्ट धरला.

वर गोजरबाईचा स्वर: "असं नोका म्हनू काकू, असं त चकवा बी म्हनते. घरचं काढा. कोनालेच माहीत नसन असं."

"सगळ्यांच्या समोर?"

"मंग काय, लाजत बसता अन् दिवस बुडवता?"

नंतर माझ्या कुटुंबाचा आवाज, जो इतक्या वर्षांत मी उंबऱ्याबाहेर ऐकला नव्हता, तो सबंध दरीवर पसरला.

"अहो! चातुर्मासात तुमच्या अळणी आमटीत मी मीठ घालते!"

येथे खुलासा करणे अवश्य आहे. चातुर्मासात मी मीठ वर्ज्य करतो, हे पंचक्रोशीत सर्वश्रुत आहे. त्यावर मी निरूपणे केली आहेत. 'प्रारंभी जीभ तक्रार करते, परंतु पुढे अळणालाच अशी काही गोडी येते की मिठाची आठवणही राहत नाही', हे मी स्वानुभवाने असंख्य श्रोत्यांस सांगितलेले आहे.

"दर वर्षी घालते!" आवाज पुन्हा आला. "भातातही!"

"भातातही," समोरचा कडा म्हणाला.

मी बोळा काढून फेकला. पाय मुरगळलेला आहे याचेही भान राहिले नाही. "काय म्हणालीस?"

"सापडले!" पुंजाजीची आरोळी आली, आणि कड्यावर जमलेल्या शेकडो यात्रेकरूंत जो हलकल्लोळ झाला तो केवळ आनंदाचा होता असे मी धरून चालतो.

नाडा खाली आला, मागोमाग मास्तर आले, त्यामागून डोली. मास्तरांनी पायाला पट्टी बांधली. त्यांचे डोळे ओले होते आणि ओठ मात्र आवळलेले. सूर्याची कड डोंगराला टेकली असतानाच माझी डोली पिंपळाखाली ठेवण्यात आली.

नायब तहसीलदारांनी विचारले, "हे कोण? दरीत राहिले होते काय?"

गोजरबाई पुढे झाली. "हे अध्यक्ष हाय साहेब. मंडळ कसं काम करते ते तुमाले दाखवून राह्यले होते. सोता उतरले. या वयात."

मी सत्य सांगावयास तोंड उघडले, तो तिने गूळपाण्याचा तांब्या माझ्या तोंडाला लावला. तो रिकामा होईपर्यंत साहेब घोड्यावर बसले होते.

फाल्गुन शुद्ध द्वितीया.

कुटुंबाशी बोलणे झाले.

"कधीपासून?"

"पोथी सांगताना तुम्हाला भोवळ आली होती ना, त्या वर्षापासून."

"आणि मला सांगितले नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खाल्लं असतं का?"

"मुळीच नाही."

"म्हणून नाही सांगितलं. पाय इकडे करा, शेक द्यायचा आहे."

तिच्या युक्तिवादात दोष आहे; तो शोधतो आहे. जे व्रत मोडल्याचे व्रतस्थास ठाऊकच नाही ते मोडले म्हणावे काय, याविषयी दोन ग्रंथांत दोन मते सापडली. जे मत सौम्य आहे त्याचे कर्ते अधिक विद्वान वाटतात.

फाल्गुन शुद्ध सप्तमी.

तहसिलीतून कळविले: वाट खुली राहील. मंडळाच्या दक्षतेचा गौरवही केला आहे. मी लंगडत देवघरापर्यंत गेलो आणि एकशे आठ नामे घेतली. मोजण्याकडे आज लक्ष नव्हते. कदाचित अधिकच झाली.

सायंकाळी पुंजाजी आला. मी त्यास स्पष्ट सांगितले की, कुटुंबाची हाक खरी होती हे मान्य. परंतु तत्पूर्वीच्या हाका चकव्याच्याच होत्या.

पुंजाजीने टोपी काढून डोके खाजविले. "हाव बुवा. चकवाच होता तो. माह्यावानीच खोकलला मेला."

त्याने हे इतक्या मनःपूर्वक मान्य केल्याने माझे समाधान झाले.

फाल्गुन वद्य प्रतिपदा. धुळवड.

गल्लीत तरुण मंडळी "भातातही! भातातही!" असे ओरडत रंग उडवीत होती. खिडकी लावून घेतली. आत कुटुंब हसत होते. तिच्या हसण्याचा आवाज मला परिचित नव्हता. प्रथम वाटले, शेजारची कोणी आली आहे.

वैशाख शुद्ध चतुर्थी. शके १८५४.

पोथीस हल्ली गर्दी अनावर होते. वरवट बकालहून गाड्या येतात. मंडळाच्या विनंतीवरून आज मी चकव्याच्या प्रकरणाचा पुढील भाग सांगितला: ज्या हाकेत केवळ नाव असेल तीस ओ देऊ नये, परंतु ज्या हाकेत उंबऱ्याच्या आतली गोष्ट असेल तीस निःशंक ओ द्यावी. हा नियम प्राचीन असून माझ्या अनुभवाने त्यास पुष्टी मिळाली, असे सांगितले. ग्रंथाधार लवकरच काढून ठेवावयाचा आहे.

गोजरबाई पहिल्या रांगेत होती. म्हणाली, "हे आधी सांगतलं असतं त?" मी म्हणालो, प्रत्येक ज्ञानाची वेळ असते.

आषाढ शुद्ध द्वादशी.

काल चातुर्मास्य आरंभ, आज उपासाचे पारणे. कुटुंबाने विचारले, "मीठ?"

"कणभरही नाही. तुळशीची शपथ."

"बरं."

आज आमटीचा पहिला घोट घेतला आणि परमेश्वराने एवढे विस्तीर्ण समुद्र का निर्माण केले असावेत, याचा उलगडा झाला. पानात काही टाकले नाही. अळणाच्या गोडीविषयी केलेली निरूपणे आठवली आणि श्रोत्यांविषयी फार करुणा वाटली.

आषाढ शुद्ध पौर्णिमा.

व्रतातील तेज आता जाणवू लागले आहे. द्वादशीस जे घशाखाली उतरेना, ते काल-आज चविष्ट लागते. निग्रहाने जीभ चार दिवसांत वळते, हा अनुभव नोंदण्याजोगा आहे. कुटुंब वाढताना माझ्याकडे पाहत नव्हते. मी चौकशी केली नाही. ज्यास व्रत फळते त्याने त्याची फार चिकित्सा करू नये.

श्रावण, पहिला सोमवार.

दुपारी दारात मंडळ उभे राहिले. पुंजाजीच्या डोकीवर घोंगडी, मास्तरांच्या खांद्यावर नाडा. वरवट बकालची तानुबाई नावाची बाई धारेश्वराच्या दर्शनाहून परतताना धुक्यात मागे राहिली होती. घरचे कोणी बरोबर नव्हते, आणि शेजारणींना तिच्या घरातील काही सांगता येईना.

मी काठी घेऊन उठलो. पुंजाजी संकोचून म्हणाला, "बुवा, तुमी बसा. काकू हायेत का?"

कुटुंब पदर खोचून बाहेर आले. जणू तिला अगोदरच ठाऊक होते.

मीही मागोमाग पायथ्यापर्यंत गेलोच. पिंपळाखाली बसलो. डोंगर धुक्यात होता. हात लांब केला तर बोटे अस्पष्ट व्हावीत असा. वर पुंजाजीने "तानुबाई!" म्हणून तीनदा हाक दिली. दरी गप्प. धारेचे पाणी तेवढे वाजत होते. मी स्तोत्र म्हणावयाचे विसरून ऐकत राहिलो. ती बाई खाली आहे की नाही, आहे तर कशी, हे कोणासही ठाऊक नव्हते.

मग माझ्या कुटुंबाचा स्वर आला. आता त्यात बारीकपणा राहिला नव्हता.

"तानुबाई! शास्त्रीबुवांच्या आमटीत मीठ असतं!"

आणि सबंध मंडळ एका आवाजात, "भातातही!"

धुक्यातून आधी हसणे आले. खरोखर, हसणेच आले. आणि त्यापाठोपाठ, "ओ! म्या इथी हावो काकू! झाडाले धरून बसली! पाय हलून राह्यले, लवकर या वो माय!"

मी उठून उभा राहिलो. कोणासाठी कोण जाणे, परंतु उभा राहिलो.

तिला वर काढण्यात दिवेलागण झाली. तिने वर येताच प्रथम कुटुंबाचे पाय धरले, मग डोलीतून पिंपळापाशी आल्यावर माझ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाशी नेला. पुंजाजीने मला खांदा दिला व म्हणाला, "बुवा, मानसं त सापडून राह्यले ना? मंग?"

घरी येऊन उपास सोडावयास बसलो. कुटुंबाने भात वाढला. मी विचारपूर्वक म्हणालो, "एक अडचण तुमच्या कोणाच्या ध्यानात आलेली नाही. ही गोष्ट आता साऱ्या तालुक्यास ठाऊक झाली. चकवाही त्याच दरीत राहतो. त्याला कान आहेत. उद्या तोच मिठाची हाक मारू लागला तर?"

"मारू दे," ती आमटी वाढीत म्हणाली. "मग आम्ही दुसरं काही सांगू. सांगण्यासारखं पुष्कळ आहे."

मी हातातील घास खाली ठेवला. "पुष्कळ म्हणजे काय?"

ती ताक आणावयास आत गेली.